भिंतीला पाठ लावून बसणाऱ्या बोराटे मॅडम

मी लॅपटॉप उघडा टाकून हात धुवायला गेलो.

चूक एवढीच. भवानीनगरच्या एका हॉटेलात मिसळ खाल्ली होती, बोटांना तर्री लागली होती, आणि कंपनीच्या लॅपटॉपला तेलाचे डाग पडू नयेत एवढी अक्कल मला होती. त्यापुढची नव्हती. परत आलो तेव्हा माझ्या टेबलाभोवती तीन माणसं उभी होती. एक जण पडद्याला नाक लावून वाचत होता, दुसरा त्याला अर्थ विचारत होता आणि तिसरा, जो माझ्या चुलत्याचा साडू निघाला, माझ्याकडे बघून अगदी मोकळेपणानं म्हणाला, "दत्ता, ह्याच्यात म्होरलं पान कसं काढायचं रं?"

पडद्यावर आमच्या निमगाव केतकीच्या खाशाबा तात्यांची फाईल होती. माझं काम म्हणजे लोकांची आजारपणं वाचायची. कंपनी पुण्याची, आरोग्यविम्याचे दावे तपासणारी. दवाखान्यांचे कागद आमच्याकडे येतात, ते बघून आम्ही 'मंजूर' किंवा 'नामंजूर' म्हणतो. घरून काम करायची मुभा मिळाल्यावर मी पुण्याची खोली सोडून गावी आलो होतो. तात्या गावात सांगून गेले होते की लेकीकडं नाशिकला चाललोय. फाईल म्हणत होती की ते पुण्यात मूळव्याधीचं ऑपरेशन करून पालथे पडले आहेत.

साडूनं मोटारसायकलला किक मारली तिथंच तात्या संपले. मी एसटीनं निमगावात पोचेपर्यंत बातमी पारावर येऊन, चहा पिऊन, पुढच्या वस्त्यांवर निघूनही गेली होती. तात्या परत आले तेव्हा सोसायटीच्या ओट्यावर त्यांच्या जागी कुणीतरी घरून आणलेली उशी ठेवली होती. "बसा की तात्या. नाशिकचा प्रवास लांबचा." सगळे हसले. तात्याही थोडे हसले आणि उभ्या उभ्याच परत गेले. ज्या माणसाच्या शब्दावर बांधाची भांडणं मिटायची, तो माणूस नंतर मळ्याबाहेर पडेना. त्यांच्या मुलानं कंपनीला फोन केला. कंपनीनं मला बोलावून शेवटची ताकीद दिली. पहिली कधी दिली होती ते विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण गिळलं.

(तात्यांचं नाव मी बदललं आहे. गावाला त्याचा काही उपयोग नाही, पण पद्धत म्हणून. मॅडमचंही बदललं आहे.)

नोकरी गेली नाही. त्याऐवजी मला सुनंदा बोराटे मॅडमच्या ताब्यात देण्यात आलं. त्या आमच्या टीमच्या प्रमुख. राहायला वालचंदनगरला. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, कारखान्यात फिटर, आणि कारखान्याच्या क्वार्टरमध्ये दोघंच. अण्णा रात्रपाळी करून दिवसा झोपायचे. मॅडमचा आवाज असा की शेजारच्या क्वार्टरमधला कुकर कितव्या शिट्टीला बंद करायचा ते त्या इथून सांगू शकल्या असत्या. त्यामुळे अण्णांच्या झोपेसाठी त्या रोज पिशवी उचलून बारामतीला यायच्या आणि स्टँडच्या मागच्या गल्लीत बाळूशेठच्या हॉटेलात बसून काम करायच्या. कंपनीनं सांगितलं, राऊतनंही, म्हणजे मीही, तिथंच बसावं. मॅडमच्या नजरेखाली.

पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर उभा राहिलो तर त्यांनी वर न बघताच विचारलं, "तात्यांना भेटलास का?"

"काय म्हणून भेटू मॅडम? ते मारतील."

"मारू देत. जा आन बस त्यांच्यापाशी. बोलायची काय गरज न्हाय."

मी गेलो. तात्या गुरांना वैरण टाकत होते. मी बाजेच्या कडेवर बसलो. बराच वेळ गेल्यावर त्यांनी विचारलं, "म्हशीला पानी दावशील का?" मी दाखवलं. तो विषय तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी मॅडमना हे सांगितल्यावर त्या "हं" म्हणाल्या आणि समोरची खुर्ची पायानं पुढं ढकलली. ती माझी जागा झाली.

त्यांची स्वतःची जागा ठरलेली होती. कोपरा, पाठीमागे भिंत, भिंतीवर देवांचं कॅलेंडर. बाळूशेठच्या हॉटेलात गल्ल्याजवळ पंख्याखाली एक फार छान टेबल होतं. मी एकदा तिकडं बोट केलं. मॅडम म्हणाल्या, "समोर बघ." समोरच्या भिंतीवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा होता. "तितं बसलं की सगळ्या गिऱ्हाइकांना आपला पडदा उलटा दिसतो. आपल्याकडच्या माणसांना उलटं वाचायला काय अवघड वाटत न्हाय. हितं फक्त देव बघत्यात. त्यांनी बघितलं तर चालतं."

मी म्हणालो, मॅडम, पुण्याला लोक कॅफेत कुठंही बसून काम करतात.

"पुण्यात मागं बसलेला माणूस लई तर चोर असंल," त्या म्हणाल्या. "आपल्याकडं मागं बसलेला माणूस पाव्हणा असतो. चोर बरा. चोराला कार्डाचा नंबर पायजे असतो, नावाशी त्याला काय करायचंय? पाव्हण्याला नावच पायजे असतं."

कंपनीच्या प्रशिक्षणात तासभर जे सांगतात ते सगळं ह्यात आलं होतं. त्या प्रशिक्षणातल्या चित्रात टोपी घातलेला एक काळा चोर दाखवतात. चुलत्याचा साडू कधी दाखवत नाहीत.

मॅडमची पिशवी बियाण्याच्या कंपनीनं फुकट वाटलेली, पिवळी, पट्टा शिवलेला. आत खाली लॅपटॉप, त्यावर टॉवेल आणि सगळ्यात वर मेथीची जुडी. मेथी नसेल तर शेपू. एसटीत सीटवर पिशवी ठेवून त्या बिनधास्त डुलकी काढायच्या. शेपूच्या पिशवीला कोण हात लावणार? संध्याकाळी त्याच जुडीची भाजी व्हायची. त्यामुळे अण्णा, बायको नोकरीला लागल्यापासून, पालेभाजीशिवाय दुसरं काही खाल्लेलं आठवत नाही असं म्हणायचे.

पडद्यासाठी त्यांनी आडोसा केला होता. बाजूनं दिसू नये म्हणून पडद्याला लावायची एक काळी काच मिळते. ती कंपनीकडं मागितल्यावर उत्तर आलं की आपापली सोय करावी. मॅडमनी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, तीन बाजूंनी दुमडला, आतून काळा कागद चिकटवला आणि लॅपटॉपवर बसवला. मान आत घालूनच काम करायचं. एकदा इंदापूरच्या गाडीची वाट बघत त्या स्टँडच्या बाकावर अशाच मान खाली घालून बसल्या होत्या. मी शेजारी. एक म्हातारी आली, थोडा वेळ उभी राहिली, आणि पायातल्या चपला काढून तिनं हात जोडले. मग मला हळूच विचारलं, "कोंचा देव हाय, बाबा?"

मला हसू आवरेना. मॅडमनी आतूनच उत्तर दिलं, "अजून ठरलं न्हाय, आजी. तपास चालू हाय."

फोनवर बोलायची त्यांची पद्धत निराळी होती. पुण्याहून डॉक्टर फोन करायचे, एखाद्या केसबद्दल विचारायला, आणि आवाज तर मी सांगितलाच. म्हणून त्यांनी डॉक्टरांशी ठरवून सगळ्या आजारांना भाज्यांची नावं दिली होती. गुडघा म्हणजे कोबी. हृदय म्हणजे टोमॅटो. मूत्रपिंड म्हणजे घेवडा, ते बरोबरच होतं. भर हॉटेलात त्या ओरडायच्या, "अहो डॉक्टर, दोन्ही कोबी एकदम कशाला काढायचे? एक काढा, दुसरा बघू!" पलीकडच्या टेबलावर लासुर्ण्याचा एक शेतकरी चहा पीत होता. तो उठून आला. "ताई, कोबीचा काय भाव चाललाय मार्केटला?" मॅडमनी फोनवर हात ठेवला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "पडलाय. आठवडाभर थांबा." तो बिचारा खरंच थांबला. पुढच्या आठवड्यात भाव चढला आणि तो पेढे घेऊन आला. मॅडमनी पेढा घेतला. खुलासा केला नाही.

शिंक आली तरी त्या आधी पडद्याला कुलूप लावायच्या, मग शिंकायच्या. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. चेहरा शिंकेनं वाकडा झालेला, डोळे मिटत आलेले, आणि बोटं बरोबर त्या दोन बटणांवर. बाळूशेठनं हौसेनं वायफाय बसवलं आणि भिंतीवर पासवर्ड लिहिला, तेव्हा पहिला मान मॅडमना दिला. त्या म्हणाल्या, "शेठ, तुमचं पाणी पिईन, च्या पिईन. वायफाय नको. त्या नळाला कुणी कुणी तोंड लावलंय काय म्हाईत." बाळूशेठ दोन दिवस रुसला होता. त्या मात्र आपल्या मोबाईलच्या नेटवरच काम करत राहिल्या.

ह्या सगळ्याची मी भरपूर टिंगल केली. नक्कल तर मी अजूनही बरी करतो. पण एक गोष्ट झाली आणि टिंगल कमी झाली.

त्यांची नणंद इंदापूरला दिलेली. एक दिवस ती थेट हॉटेलात आली. तिच्या मुलीचं लग्न जमत होतं आणि मुलाबद्दल कुणीतरी कानात घातलं होतं की त्याला फिट येतात. नणंद मॅडमच्या शेजारी बसून म्हणाली, "वहिनी, तुमच्या मशिनीत सगळ्या दवाखान्यांचं असतंय म्हनं. निस्तं नाव टाकून बघा की. मी काय कुनाला सांगनार हाय का?"

"न्हाय बघता येत."

"न्हाय येत, का बघायचं न्हाय?"

"बघायचं न्हाय."

"आपल्या पोरीच्या जल्माचा प्रश्न हाय, वहिनी."

"मग मुलाला इचारा. समोर बसवून इचारा. आमी बी येतो संगं. पर त्याच्या पाठीमागनं मी बघनार न्हाय."

नणंद उठली. दारापर्यंत गेली आणि परत वळून, सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं म्हणाली, "उद्या तुमच्यावर येळ आली तर आमाला बी काय सांगू नका." मॅडमनी आडोशात मान घातली. तो दिवसभर त्यांनी एकही फोन घेतला नाही. पुढं ते लग्न झालं की मोडलं मला माहीत नाही. मी विचारलं होतं, तर त्या म्हणाल्या, "ती बी फाईलच हाय, राऊत."

त्या मला राऊत म्हणायच्या. रागावल्या की दत्ताराव. दत्ताराव ऐकलं की मी आधी माफी मागायचो, मग कारण विचारायचो.

आजारी माणसाला भेटायला जाण्याबद्दल त्यांचं एक मत होतं. त्या म्हणायच्या, "निम्मी माणसं माणूस बघाया येत्यात, निम्मी आजार बघाया. आजार बघाया आलेली जास्त येळ बसत्यात." दिवसभर लोकांचे आजार वाचणारी बाई हे म्हणत होती, त्यामुळं मी ते मनाशी धरून ठेवलं. नको तेवढं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला मॅडमनी रजा टाकली. माहेरी जाऊन येते म्हणाल्या. त्या नसताना मी एकटाच बाळूशेठकडं बसायचो, आणि सांगायला हरकत नाही, त्यांच्याच खुर्चीवर, देवांकडं पाठ करून. आडोसाही त्यांनी मला देऊन ठेवला होता.

फायली आपोआप वाटल्या जातात. कुणाला कुठली येईल ते यंत्र ठरवतं. दुपारची वेळ होती, हॉटेल रिकामं, बाळूशेठ गल्ल्यावर पेंगत होता. मी पुढची फाईल उघडली. नाव सुनंदा बोराटे. पत्ता वालचंदनगर. त्याखाली पुण्याच्या रुग्णालयाचं नाव आणि विभागाचं नाव. विभागाचं नाव वाचलं की पुढचं वाचायची गरज नसते. मी वाचलं नाही. ओळखीच्या माणसाची फाईल आली तर ती पुढं वाचायची नाही, कारण लिहून परत पाठवायची, असा नियम आहे; तात्यांच्या वेळी मी तो पाळला नव्हता. मी कारणाच्या चौकटीत 'ओळखीची व्यक्ती' असं टाकलं आणि परत पाठवली. पडद्याला कुलूप लावलं. मागं वळून बघितलं. भिंत होती.

नोकरीत पहिल्यांदाच मी एक काम बिनचूक केलं होतं. बाळूशेठला चहा सांगितला. त्यात साखर जास्त होती. त्या दिवसाबद्दल आणखी काही विचारलं तर मला सांगता येणार नाही. रडू आलं नाही, धक्का वगैरे म्हणतात तसंही काही झालं नाही. पाय बधिर झाल्यावर चिमटा काढून बघतो, तसं मी अधूनमधून ते नाव मनात म्हणून बघायचो. काही वाटायचं नाही.

परत पाठवलेली प्रत्येक फाईल टीमच्या प्रमुखाला दिसते. कुणी पाठवली, केव्हा पाठवली, का पाठवली. आमच्या टीमच्या प्रमुख म्हणजे मॅडमच. हे मला त्या दुपारी सुचलं नाही. नंतरही बरेच दिवस सुचलं नाही.

काही आठवड्यांनी त्या परत आल्या. डोक्याला स्कार्फ, उन्हाचा बांधतात तसा, पण हॉटेलात बसल्यावरही सोडला नाही. मी खुर्ची रिकामी केली. त्या बसल्या, पिशवीतून मेथी काढली, टॉवेल काढला, लॅपटॉप काढला. मग आडोसा लावायच्या आधी माझ्याकडं बघून विचारलं, "काय राऊत, काही विशेष?"

"काही नाही, मॅडम. नेट जरा स्लो आहे."

त्या थोडा वेळ बघत राहिल्या. "बरं," म्हणाल्या.

मला वाटलं, परीक्षा घेतायत. तात्यांचं प्रकरण केलेला पोरगा तोंड बंद ठेवतो का ते बघतायत. मी मनातल्या मनात कॉलर ताठ केली.

पुढच्या आठवड्यात तेच. "काय राऊत, काही विशेष?" काही नाही मॅडम, सोमवारी फार फायली आल्या. नंतर पुन्हा. काही नाही मॅडम, बाळूशेठनं मिसळीचा भाव वाढवला. मी उत्तरं तयार ठेवायला लागलो. एकदा तर त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं की आज विशेष असं काहीच नाही.

त्या बारीक होत चालल्या होत्या. आवाजही. आता त्या फोनवर कोबी म्हणायच्या तर पलीकडच्या टेबलाला ऐकू जात नव्हतं. बाळूशेठनं मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम लई उतरल्यात की. काय दुखतंय खुपतंय का?" मी म्हणालो, डाएट चालू आहे. बाळूशेठ म्हणाला, "ह्या वयात?" मी म्हणालो, हल्ली सगळेच करतात. खोटं इतकं सफाईनं आलं की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

एकदा मॅडम म्हणाल्या, "येत जा की कधी वालचंदनगरला. अण्णा च्या चांगला करत्यात."

मी हो म्हणालो आणि गेलो नाही. माझा हिशेब सरळ होता. घरी गेलो तर औषधं दिसणार. औषधं दिसली तर मला कळलं असं होणार. मला कळलेलं नाही, कारण मी फाईल परत पाठवली आहे. शिवाय निम्मी माणसं आजार बघायला येतात, हे त्यांनीच सांगितलेलं. मी त्या निम्म्यांत मोडू नये म्हणून लांब राहत होतो. त्या पुन्हा म्हणाल्या, "निमगाववरनं यायला काय लांब हाय का? मोटारसायकल हाय की तुला." मी म्हणालो, मॅडम, क्लच खराब आहे. क्लच चांगला होता.

शेवटचं भेटणं बारामती स्टँडवर. संध्याकाळची वालचंदनगरची गाडी फलाटाला लागली होती. मी पिशवी धरली होती, कारण आता त्यांना ती उचलवत नव्हती. त्या दिवशी पिशवीत मेथी नव्हती. मेथीच्या जागी रुग्णालयाचं मोठं पाकीट होतं, एक्स-रेचे फोटो ठेवायचं असतं तसलं, निम्मं बाहेर आलेलं. त्यावर जाड अक्षरात त्यांचं नाव, आणि खाली तो विभाग. फलाटावर गर्दी होती. भवानीनगरची माणसं होती, निमगावची होती. कुणीही वाचू शकलं असतं.

शिंकेआधी कुलूप लावणारी बाई. मला वाटलं, थकल्यात, भान राहिलं नसेल. मी कुणाचं लक्ष नाही असं बघून पाकीट हळूच बाहेर काढलं, उलटं फिरवलं, नावाची बाजू आत केली, आणि वर माझा रुमाल पसरला.

मान वर केली तर मॅडम माझ्याकडंच बघत होत्या. त्यांनी सगळं बघितलं होतं.

"काय राऊत," त्या म्हणाल्या. पुढचं म्हणाल्या नाहीत.

"बसा मॅडम, खिडकीची जागा मिळेल," मी म्हणालो.

"बरंच शिकलास की तू," त्या म्हणाल्या आणि कंडक्टरचा हात धरून वर चढल्या. खिडकीची जागा मिळाली. मी खालून पिशवी दिली. त्यांनी ती मांडीवर घेतली आणि माझा रुमाल काढून, घडी घालून, खिडकीतून परत केला. गाडी मागं आली, वळली, पेट्रोल पंपाच्या पुढं गेली. त्या समोर बघत होत्या. मी हात केला होता की नाही, आठवत नाही.

पावसाळा संपायच्या सुमाराला कंपनीच्या ग्रुपवर मेसेज आला. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मीही एक टाकलं. मग लॅपटॉप उघडून त्या दिवसाच्या राहिलेल्या फायली पुऱ्या केल्या. सगळ्या बरोबर निघाल्या, नंतर तपासणीत एकही चूक सापडली नाही.

मॅडमचं दिवसकार्य झाल्यावर वालचंदनगरला गेलो. क्वार्टरचं दार उघडंच होतं. अण्णा एकटेच होते, बनियनवर, पायजम्याची नाडी लोंबतेय. मी राऊत, म्हणालो. "वळिकलं," म्हणाले. "बस." आत जाऊन स्टोव्ह पेटवला. चहा खरंच चांगला होता. आम्ही दोघं कपाकडं बघत बसलो. भिंतीवर मॅडमचा फोटो होता, हार ताजा.

मी म्हणालो, "अण्णा, मला फार उशिरा कळलं."

हे मी का म्हणालो माहीत नाही. सवय.

अण्णांनी कप खाली ठेवला. "खोटं बोलू नगंस. तुला उन्हाळ्यातच कळलं हुतं. तुजं नाव दिसलं हुतं तिला. कुनी फाईल माघारी लावली त्ये तिच्या मशिनीत दिसतंय की."

मी कप दुसऱ्या हातात घेतला.

"त्या दिशी लई बरं वाटलं हुतं तिला," अण्णा म्हणाले. "मला म्हनली, राऊतला ठावं झालंय, आन त्यानं कुनाला सांगितलं न्हाय. आता एका मानसापाशी तरी बोलता यील. नणंदेला सांगायचं न्हाय, माहेरी सांगायचं न्हाय, मी हितं दिवसा झोपलेला. कुनापाशी बोलायचं तिनं? म्हनली, त्यो आपनहून इचारंल. मी कसं सांगू, साहेब हाय मी त्याची. रोज घरी आली की मी इचारायचो, इचारलं का गं पोरानं? म्हनायची, न्हाय, आज नेट सलो हुतं म्हनं."

बाहेर कारखान्याचा भोंगा झाला. अण्णांनी घड्याळाकडं बघितलं नाही.

"मी नियम पाळला, अण्णा," मी म्हणालो. "कळलं तरी बोलायचं नाही असा नियम आहे. मॅडमनीच शिकवलं."

"व्हय, दुसऱ्याला बोलायचं न्हाय. तिला बोलाया कुनी मना केलं हुतं?"

मी कपातला तळाचा चहा पिऊन टाकला आणि क्लचबद्दल काहीतरी पुटपुटलो. काय ते मलाही कळलं नाही. अण्णा उठले, दोन्ही कप एकात एक घातले आणि मोरीकडं जाता जाता, मागं न बघता म्हणाले,

"ती तर तुला लई हुशार म्हनायची. मला काय बाबा तसं दिसंना."